खुल्या पुस्तकाला आवृत्ती का हवी?

भाद्रपद वद्य षष्ठीला महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. या तिथीचा ज्ञानेश्वरांशी थेट संबंध नाही. ज्ञानेश्वरी नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये पूर्ण झाली. षष्ठीची तिथी आहे ती एकनाथांनी या ग्रंथाची शुद्ध केलेली प्रत पूर्ण केली त्या दिवसाची. साल शके १५०६, इ.स. १५८४. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेली. म्हणजे ज्याला आपण ग्रंथाची जयंती म्हणतो, तो खरं तर एका सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनाचा दिवस आहे.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. पहिली ओळ कधी लिहिली हे आमच्यात कुणी लक्षात ठेवत नाही. अमुक व्हर्जन कधी बाहेर पडलं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं, कारण लोकांच्या हातात पडतं ते तेच. वारकऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली ती नाथांनी शुद्ध केलेली संहिता, किंवा तिच्यावरून झालेल्या प्रती. जयंती तिची होणं रास्तच.

हा लेख खुल्या पद्धतीनं लिहिल्या जाणाऱ्या तांत्रिक पुस्तकांबद्दल आहे. म्हणजे ज्यांचा मजकूर सर्वांसमोर ठेवलेला असतो, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, मान्य झालेली दुरुस्ती लगेच मजकुरात येते आणि पुस्तक कधीच 'संपत' नाही, अशी पुस्तकं. प्रोग्रॅमिंगची बरीच चांगली पुस्तकं आज अशीच लिहिली जातात. त्यांच्याबद्दल बोलताना सुरुवात ज्ञानेश्वरीपासून करण्याचं कारण मी नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापुरात राहतो आणि पैस खांब याच तालुक्यात आहे, एवढंच नाही. अनेक हात लागलेल्या, उघड्यावर वाढलेल्या पुस्तकाची आवृत्ती कशी काढायची, हा प्रश्न मराठीत सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत गंभीरपणे या एका ग्रंथाच्या बाबतीत हाताळला गेला आहे. त्या अनुभवात आजच्या खुल्या पुस्तकांना लागू पडणारं बरंच काही आहे.

के स्कीमचा प्रश्न

खुल्या पुस्तकाची स्तुती करताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ते सतत अद्ययावत असतं. मला ही स्तुती अर्धवट वाटते. अद्ययावत कुणासाठी, हा प्रश्न तिच्यात सुटून जातो.

आमच्या भागातला डिप्लोमाचा विद्यार्थी घ्या. त्याचं शैक्षणिक आयुष्य महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या स्कीमवर चालतं. २०१७ ला आय स्कीम आली, २०२३ ला के स्कीम. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, वरच्या वर्गातल्या पोराकडे किंवा झेरॉक्सवाल्यापाशी त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: "आय स्कीमचं पुस्तक के स्कीमला चालेल का?" पुस्तक चांगलं की वाईट, हे त्यानंतर. या प्रश्नात आवृत्ती या कल्पनेची संपूर्ण गरज आली. हातातला मजकूर कधीचा आहे, कशासाठी लिहिला आहे आणि माझ्या गरजेत आणि त्यात फरक किती, एवढं त्याला कळायला हवं असतं.

सतत बदलणारं पुस्तक या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्यानं जूनमध्ये चौथं प्रकरण उतरवून घेतलं, छापून काढलं, चार जणांत वाटलं. ऑगस्टमध्ये शिक्षकांनी तेच प्रकरण पडद्यावर उघडलं तर उदाहरणं वेगळी, क्रमांक वेगळे, एक संज्ञा बदललेली. चूक कुणाचीच नाही. पण बदलाची किंमत पडली ती ज्याचं इंटरनेट सर्वांत कमजोर आणि ज्याचा आधार कागदावर सर्वांत जास्त, त्याच्यावर. ज्याच्याकडे दिवसभर चालणारं कनेक्शन आहे, त्याला हा फरक जाणवतही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: खुल्या पुस्तकाला छापील पुस्तकापेक्षा आवृत्तीची गरज जास्त असते. छापील पुस्तक शाई वाळली की आपोआप गोठतं. खुलं पुस्तक कुणीतरी ठरवून गोठवावं लागतं.

नाथांनी काय गोठवलं

एकनाथांपुढे जी ज्ञानेश्वरी होती, ती हस्तलिखितांतून पसरलेली. प्रत्येक लेखकू आपली प्रत करताना कुठे शब्द चुकवणार, कुठे अप्रचलित रूपाच्या जागी आपल्या काळातलं रूप घालणार, कुठे उत्साहाच्या भरात एखादी ओवी वाढवणार. ओव्यांची संख्या साधारण नऊ हजारांच्या घरातली, पण प्रतीप्रतींत ती पुढेमागे होते. तीनशे वर्षांत ग्रंथाच्या किती फांद्या फुटल्या असतील याचा अंदाज आजच्या प्रोग्रॅमरला लवकर येईल. मुख्य शाखा कुठली, हे सांगणारं कुणी नव्हतं.

नाथांनी प्रती जमवून संहिता शुद्ध केली आणि शेवटी काही ओव्यांत आपण काय केलं ते नोंदवलं. या ओव्या मी रिलीजच्या टिपणासारख्या वाचतो. त्यांत शक आहे. मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, म्हणून शोधून शुद्ध केला, असं कारण आहे. आणि पुढच्यांसाठी ताकीद आहे: यात आपली मराठी ओवी कुणी घालू नये, घातली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

तारीख, कारण आणि गोठवल्याची घोषणा. चारशे चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसानं आवृत्तीच्या तीन मुख्य अटी पुऱ्या केल्या. आजच्या कित्येक खुल्या पुस्तकांत यातली एकही सापडत नाही. शिवाय ताकीद दिली ती मालकीच्या भाषेत दिली नाही. ग्रंथ माझा आहे, हात लावू नका, असं नाथ म्हणत नाहीत. ताटातल्या पदार्थाची काळजी जेवणाऱ्यासाठी आहे. ही संहिता कीर्तनात उभी राहणार, पारायणात एका सुरात वाचली जाणार. दहा जण मांडी घालून बसले आणि दहांच्या पोथ्यांत दहा पाठ असले, तर पारायण होणार कसं? नाथांनी आपला वाचक ओळखला आणि त्याच्यासाठी स्थैर्य निवडलं.

आता उणी बाजू. नाथांनी नेमकं काय बदललं, ते नोंदवलेलं नाही. किती प्रती पाहिल्या, त्या कुठल्या, कुठल्या ओव्या प्रक्षिप्त म्हणून काढल्या, कुठे दोन पाठांतून एक निवडला, याचा हिशेब मागे उरला नाही. सोळाव्या शतकातल्या संतकवीकडून आजच्या चिकित्सक आवृत्तीचं परिशिष्ट मागणं हास्यास्पद आहे, हे मान्य. पण तो हिशेब नसल्याचे परिणाम मात्र खरे आहेत, आणि ते पुढच्यांना भोगावे लागले.

राजवाड्यांना मागे का जावं लागलं

१८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली, तेव्हा ग्रंथ हस्तलिखितांतून छापखान्यात आला. त्यानंतर छापील आवृत्त्यांची रांग लागली. साखरे महाराजांच्या परंपरेतली प्रत, सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत, या घराघरांत पोचल्या. पण अभ्यासकांचा प्रश्न वेगळा होता: नाथांच्या आधी हा ग्रंथ कसा होता?

१९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक जुनी, त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली पोथी छापली आणि त्याच सुमारास तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. राजवाड्यांचे निष्कर्ष पुढे वादात सापडले. त्या पोथीच्या जुनेपणाबद्दलही शंका घेतल्या गेल्या. पण त्यांच्या कामातला मुद्दा वादापलीकडचा आहे. नाथांनी भाषा आपल्या काळाजवळ आणली असेल, तर तेराव्या शतकातली मराठी नेमकी कशी होती हे शोधायला नाथांची प्रत पुरत नाही. तिच्या मागे जावं लागतं. आणि मागे जायला वाट ठेवलेली नसेल, तर ती खोदून काढावी लागते. राजवाडे आयुष्यभर तेच करत होते. पुढे अरविंद मंगरूळकर आणि विनायक केळकर यांनी तयार केलेली ज्ञानदेवी मुंबई विद्यापीठानं १९९४ मध्ये तीन खंडांत काढली. नाथांपासून मोजलं तर चारशे दहा वर्षं. बदलांची एक यादी नसल्यावर काम किती लांबतं, याचं याहून मोठं उदाहरण मला मराठीत दुसरं दिसत नाही.

इथे डोनाल्ड नूथ आठवतो. त्यानंही आपलं काम गोठवलं. टेक्‌ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नवं काही घालायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पुढचं प्रत्येक व्हर्जन पायच्या किमतीकडे एकेक अंकानं सरकतं आणि आपल्यामागे तो आकडा पायवरच थांबावा, अशी त्याची इच्छा आहे. निग्रह नाथांइतकाच कडक. पण नूथनं सोबत १९८९ मध्ये टेक्‌मधल्या दहा वर्षांच्या चुकांची नोंदवहीच छापून टाकली, साडेआठशेहून अधिक नोंदींची. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला तो २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देतो आणि चुकांची यादी सर्वांसाठी उघडी ठेवतो. गोठवणं आणि उघडं ठेवणं या दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येतात, याचा हा पुरावा.

लिपीचं कुलूप आणि चौकटीची फळी

पाठ बिघडू नये म्हणून दुसरा उपाय मराठीत होऊन गेला आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ग्रंथ परक्या हातांपासून सुरक्षित राहिला, पण बाहेरच्या मराठी वाचकाला लीळाचरित्रासारखं गद्य विसाव्या शतकात लिपी उलगडेपर्यंत दिसलंच नाही. शिवाय पाठभेद थांबले नाहीत ते नाहीतच. पंथाच्या आतही पाठ वेगळे झाले. कुलूप लावून मजकूर स्थिर राहतो, ही समजूत त्यामुळे मला पटत नाही. कुलूप वाचक कमी करतं, आणि नकला करणाऱ्यांच्या चुका चालूच राहतात.

शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे सांगून आता कुणी चकित होत नाही. बाहेरच्यांना कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला फळी टेकवून ठेवायची पद्धत इथे आहे. फळी कुणालाही सरकवता येते. ती फक्त सांगते की इथून आत घर आहे, आणि आता आतली माणसं कामात आहेत. खुल्या पुस्तकाची आवृत्ती मला या फळीसारखी वाटते. मूळ मजकूर मागे उघडाच असतो, दुरुस्त्या येतच असतात. पण या तारखेला, या क्रमांकाचा मजकूर इतका, असं सांगणारी एक फळी मधे टेकवलेली असते. नाथांची ताकीद मी कुलूप म्हणून वाचत नाही. तीही फळीच होती. राजवाड्यांना ती सरकवता आली, हे त्याचंच लक्षण.

अकारविल्ह्याची किंमत

आतापर्यंत एका ग्रंथाचं झालं. तांत्रिक मजकुराचं मोठं काम मराठीत वेळापत्रक आखून दोनदा झालं, आणि दोन्हींत आवृत्तीचा विचार वेगळा होता.

श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो भांडवल जमवून, वर्गणीदार गाठून. तेवीस खंडांचं काम त्यांनी सुमारे बारा वर्षांत उरकलं आणि त्याची हकिगत लिहिताना पुस्तकाला नावही 'बारा वर्षांचं काम' याच हिशेबानं दिलं. सुरुवातीला त्यांनी पाच प्रस्तावनाखंड काढले, अकारविल्हे नोंदी त्यानंतर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पूर्ण चौकट आधी वाचकाच्या हाती, तपशील मागून. पैसे घेतलेत, तेव्हा खंड वेळेत निघाला पाहिजे, ही सक्ती केतकरांच्या कामाला होती, आणि तिचे ओरखडे कामावर दिसतात. नोंदी असमान आहेत, मतं आग्रही आहेत, घाई जाणवते. पण पहिला खंड आणि शेवटचा खंड एकाच पिढीच्या वाचकानं वापरला.

मराठी विश्वकोशानं उलट निवड केली. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली काम उभं राहिलं, नोंदी तज्ज्ञांकडून लिहून घेतल्या, तपासल्या. दर्जाबद्दल माझी तक्रार नाही; विज्ञानाच्या कितीतरी नोंदी आजही मराठीत तिथेच सापडतात. पण पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. खंड अकारविल्हे निघत गेले. म्हणजे एखादा विषय किती ताजा, हे त्याच्या शास्त्रात काय घडलं त्यावर ठरलं नाही, त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरलं. 'अ'चा विषय सत्तरच्या दशकातला, 'ह'चा पुढच्या शतकातला. आणि तरी ग्रंथ एकच, आवृत्ती एकच. सॉफ्टवेअरमध्ये असं पॅकेज कुणी काढलं तर त्यातला कुठला भाग कधीचा, हे सांगताना दमछाक होईल. आता विश्वकोश इंटरनेटवर आल्यानंतर ज्ञानमंडळांमार्फत विषयवार अद्ययावत करण्याचं काम चालू आहे, आणि विषयानुसार विभागणी हा अकारविल्ह्यावरचा खरा उपाय आहे.

पण विश्वकोशानं एक गोष्ट अशी केली जी मराठी तांत्रिक पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लिहून ठेवावी. पहिला खंड निघण्याच्या तीन वर्षं आधी, १९७३ मध्ये, त्यांनी परिभाषा संग्रह छापला. आधी शब्द ठरवले, मग मजकूर.

याचं महत्त्व इंग्रजीत लिहिणाऱ्याला कळणार नाही. इंग्रजी पुस्तकात 'व्हेरिएबल' या शब्दाला पर्याय शोधायची वेळ येत नाही. मराठीत प्रत्येक संज्ञा अजून हलती आहे. व्हेरिएबलला गणिताच्या वर्गात 'चल' म्हणतात, प्रोग्रॅमिंगच्या वर्गात 'व्हेरिएबल'. फंक्शनला कुणी 'फल', कुणी 'फलन', बहुतेक जण 'फंक्शन'. प्रोग्रॅमला आज्ञावली म्हणावं, तर सॉफ्टवेअरलाही आज्ञावली म्हणणारे भेटतात. तिसऱ्या प्रकरणात 'चल' आणि सातव्यात 'व्हेरिएबल' असेल, तर नवा वाचक या दोन वेगळ्या वस्तू समजतो. सहा महिन्यांनी कुणा सद्‌हेतूच्या माणसानं सगळीकडचं 'फल' काढून 'फंक्शन' केलं, तर ती दुरुस्ती दिसायला किरकोळ, पण जुनी छापील प्रत आणि नवा मजकूर यांचा सांधा तुटतो. मराठी तांत्रिक पुस्तकात शब्द बदलणं हा मोठा बदल आहे. तो आवृत्तीच्या सीमेवरच व्हायला हवा, अधेमधे नव्हे.

रस्टच्या पुस्तकाकडून काय घ्यावं, काय सोडावं

खुल्या तांत्रिक पुस्तकांत मला सर्वांत विचारपूर्वक चालवलेलं वाटतं ते रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचं अधिकृत पुस्तक, स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकल्स यांचं. मजकूर उघड्यावर, दुरुस्त्या सगळ्यांच्या, आणि छापील प्रत नो स्टार्च प्रेसची.

रस्टचं नवं व्हर्जन दर सहा आठवड्यांनी निघतं. त्या प्रत्येक व्हर्जनसोबत पुस्तकाची त्या वेळची प्रतही बांधून दिली जाते. भाषा आपल्या संगणकावर बसवली की पुस्तक सोबत येतं, इंटरनेट नसतानाही उघडतं, आणि ते तुमच्या व्हर्जनचंच असतं. जुन्या व्हर्जनसोबतचं पुस्तक जुन्या पत्त्यावर तसंच राहतं. प्रस्तावनेत हा मजकूर कुठलं व्हर्जन गृहीत धरतो ते लिहिलेलं असतं. आमच्या पॉलिटेक्निकच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मिळतं.

त्याहून मोठी कल्पना भाषेची आहे. रस्टला २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा 'एडिशन' आहेत. नवी एडिशन आली तरी जुन्या एडिशनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालत राहतो, आणि दोन्ही एडिशनमधले भाग एकमेकांबरोबर जोडता येतात. नव्यात जायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आवृत्ती म्हणजे जुन्या वाचकाला दिलेलं वचन, ही कल्पना यात फार स्वच्छ दिसते. आय स्कीमवाल्याचं पुस्तक के स्कीम आल्यावर रद्दी होऊ नये, असं कुणी ठरवलं असतं तर ते असं दिसलं असतं.

पण नावं देण्यात याच पुस्तकानं गोंधळ घातला. इंटरनेटवर एक 'पहिली आवृत्ती' होती. ती बाजूला ठेवून लेखकांनी नव्यानं लिहिली ती 'दुसरी आवृत्ती'. ही दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये छापून निघाली तेव्हा कागदावर ती पहिली झाली. पुढच्याच वर्षी रस्ट २०१८ साठी सुधारलेली छापील प्रत आली. मग २०२३ मध्ये छापील 'दुसरी आवृत्ती' निघाली, आणि तिचा इंटरनेटवरच्या जुन्या 'दुसऱ्या आवृत्ती'शी काही संबंध नाही. भाषेची एडिशन, पुस्तकाची इंटरनेटवरची आवृत्ती आणि छापील आवृत्ती या तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरला की असं होतं. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या मंडळींचा पाय नावांत अडकला. नाथांकडे नेमकं उलट होतं: बदलाची नोंद नाही, पण त्यांची प्रत कुठली, हे सांगताना चारशे वर्षांत कुणाचा गोंधळ झाला नाही.

वेळापत्रक कुणाचं

२०२१ पासून एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, आणि ई-कुंभ पोर्टलवर भाषांतरित तांत्रिक पुस्तकं फुकट मिळू लागली. येत्या काळात मराठीत प्रोग्रॅमिंगची खुली पुस्तकं लिहिली जातील, काही यंत्राच्या भाषांतरातून निघतील आणि माणसांच्या हातून दुरुस्त होत राहतील. यंत्राचं भाषांतर तर दर महिन्याला नव्यानं काढता येतं, म्हणजे मजकूर हलण्याचा वेग अजून वाढणार. अशा वेळी चांगलं पुस्तक कसं लिहावं यावर पुष्कळ बोललं जाईल. ते कधी आणि कसं काढावं, यावर आत्ताच बोलायला हवं.

वेळापत्रक लिहिणाऱ्यांच्या सोयीनं आखू नये. खुल्या प्रकल्पात माणसं फावल्या वेळात काम करतात, त्यामुळे 'झालं की काढू' असा कल असतो. पण वाचकाचं वर्ष ठरलेलं आहे. सत्र सुरू होण्याआधी आवृत्ती निघाली पाहिजे आणि सत्र संपेपर्यंत तिला हात लागता कामा नये. दुरुस्त्या मागे जमा होत राहाव्यात. सत्राच्या मधे गंभीर चूक सापडली, तर मजकूर गुपचूप बदलण्यापेक्षा एका पानाचं शुद्धिपत्र काढावं, जे झेरॉक्स काढून जुन्या प्रतीत चिकटवता येईल. शुद्धिपत्र हा मराठी छापखान्याचा जुना आणि प्रामाणिक रिवाज आहे. इंटरनेटवर आल्यावर तो आपण उगीच सोडला.

मोठी आवृत्ती स्कीम बदलते तेव्हाच. प्रकरणांचे क्रमांक आणि संज्ञा तेव्हाच हलतील, आणि संज्ञांचा तक्ता मजकुराआधी महिनाभर बाहेर येईल, विश्वकोशानं केलं तसा. प्रत्येक आवृत्तीच्या शेवटी नाथांसारखं टिपण हवंच: शक, कारण, ताकीद. त्याला जोड हवी ती नाथांनी न दिलेल्या यादीची. आणि ही यादी मशीननं काढलेल्या हजार ओळींची असून भागणार नाही. कुठल्या प्रकरणात काय आणि का बदललं, जुनी प्रत असलेल्यानं कुठली चार पानं नव्यानं वाचायला हवीत, हे माणसानं माणसासाठी लिहिलेलं हवं. मागच्या आवृत्त्या काढून टाकू नयेत. त्या कुणी वाचणार नाही असं वाटतं, तेव्हाच त्यांना शोधत कुणी राजवाडे येतो.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो खरा आहे. गोठवलेल्या पुस्तकात चूक सहा महिने तशीच राहते. सुरक्षेच्या प्रकरणात जुना, धोकादायक सल्ला राहिला तर नुकसान होईल. त्यासाठी शुद्धिपत्र आहेच, पण ते प्रत्येकापर्यंत पोचेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तरी मी गोठवण्याच्या बाजूनं आहे. माहीत असलेली, क्रमांक लावून सांगता येणारी चूक शिक्षकाला वर्गात फळ्यावर दुरुस्त करता येते. प्रत्येकाच्या हातात वेगळा मजकूर असेल, तर कुठली चूक दुरुस्त करायची हेच ठरत नाही.

सच्चिदानंदबाबांनी नेवाशात ज्ञानेश्वरी उतरवून घेतली तेव्हा ती एकच प्रत होती, आणि आवृत्तीचा प्रश्न नव्हता. दुसरी प्रत झाली त्या दिवशी तो सुरू झाला. मराठीतल्या खुल्या तांत्रिक पुस्तकांची दुसरी प्रत झेरॉक्सच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात निघणार आहे. तिच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असावी, एवढी व्यवस्था त्याआधी व्हायला हवी.